मागीलप्रमाणे

विषय : अज्ञान पुतणीच्या पालनकर्त्याला पालकत्वातून मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : १) पालनकर्त्याच्या नेमणुकीचा हुकूम. २) पालनकर्त्याने सादर केलेले सर्व वार्षिक अहवाल. ३) पालनकर्त्याचा अर्ज.

उपरोक्त अर्जान्वये अर्जदाराने विनंती केली आहे की, त्यांच्या ताब्यातील अज्ञान मुलीस अन्य कोणाही योग्य व्यक्तीच्या अथवा संस्थेच्या ताब्यात देऊन त्यांना सदर जबाबदारीतून मुक्त करावे. कारणाच्या रकान्यात अर्जदाराने काही लिहून ते खोडल्याचे दिसते. प्रकरणाची हकीकत अशी.

१

कायद्यात अज्ञान म्हणजे ज्याचं वय भरलेलं नाही असा माणूस. वय भरलं की तो सज्ञान होतो. बाकीचं जे अज्ञान माणसाला जन्मभर सोबत करतं त्याची नोंद कुठल्याच कचेरीत होत नाही, नाहीतर कपाटं पुरली नसती.

दोघा भावांचं वजनकाट्यांचं दुकान होतं. नवे काटे विकायचे, जुने दुरुस्त करायचे, वजनं तपासून द्यायची. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. थोरला भाऊ गेला तेव्हा त्याची मुलगी नऊ वर्षांची होती. तिची आई त्याच्याही आधी गेलेली. इमारतीतलं आणि धंद्यातलं बापाचं निम्मं मुलीच्या नावावर आलं, आणि ती अज्ञान म्हणून कचेरीने धाकट्या भावाला तिचा पालनकर्ता नेमलं. हुकमात लिहिलं होतं की शहाणा माणूस स्वतःची मिळकत ज्या काळजीने सांभाळतो, त्याच काळजीने पालनकर्त्याने अज्ञानाची मिळकत सांभाळावी. धाकट्याने हुकूम दोनदा वाचला आणि त्यातला 'स्वतःची' हा शब्द तेवढा मनावर घेतला.

हा धाकटा म्हणजे काका. पुतणी काका म्हणायची म्हणून सगळी गल्ली त्यांना काका म्हणू लागली. पुतणीचं नाव घरात बेबी.

पालनकर्त्याने दरवर्षी कचेरीला अहवाल द्यायचा असतो. पहिल्या वर्षी काकांनी तो मन लावून लिहिला. अज्ञानाचं वय : नऊ. प्रकृती : चांगली. राहण्याची जागा : पालनकर्त्याजवळ, माडीवरची मागची खोली. दुसऱ्या वर्षी लिहायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या रकान्यांत एकच शब्द चालतो : मागीलप्रमाणे. हा शब्द ज्या कारकुनाने पहिल्यांदा वापरला त्याचा खरं तर पुतळा उभारायला हवा. त्याने जगाचे जेवढे श्रम वाचवले तेवढे वाफेच्या इंजिनानेही वाचवले नसतील. तेव्हापासून दरवर्षी वय मागीलप्रमाणे, प्रकृती मागीलप्रमाणे, जागा मागीलप्रमाणे, खाली काकांची सही. कचेरीने कधी हरकत घेतली नाही. जो अहवाल वाचावा लागत नाही तो कचेरीला आवडतोच.

बेबी मात्र वाढली. अठरा पूर्ण झाल्यावर ती सज्ञान झाल्याचं कळवायला हवं होतं. काका विसरले असं म्हणणं त्यांच्या स्मरणशक्तीवर अन्याय होईल. त्यांच्या एका सहीने दोघांची कामं होत होती; तिथे दुसरी सही आली असती, आणि दुसऱ्या सहीला तोंड असतं.

बेबी दुकानात पितळी पारडी घासायची, दांड्या सरळ करायची, काट्यांची सुई शून्यावर आणायची. हात हलका होता तिचा. अधूनमधून काही मागायची. आधी पुढची खोली मागितली, तिला खिडकी होती म्हणून. मग पुढचं शिक्षण. मग एकदा काटे बनवणाऱ्या कारखान्यातला एक जण तिला मागणी घालायला आला, तेव्हा तिने तोंडाने काही मागितलं नाही, नुसती दारात उभी राहिली. काकांचं प्रत्येक वेळी एकच उत्तर असे.

"मोठी झालीस की बघू."

"आणखी किती मोठी व्हायची ती?" काकू एकदा म्हणाल्या होत्या. "चौकटीला डोकं आपटेपर्यंत?"

"तुला कुणी विचारलं?" काका म्हणाले. तेव्हा बेबी एकोणतीस वर्षांची होती.

२

ती चौतीस वर्षांची असताना शेजारच्या औषधवाल्याला दुकान वाढवायचं झालं आणि त्याने काकांची अख्खी इमारत मागितली. भाव असा सांगितला की काकांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला, ऐकायला बरा वाटला म्हणून.

अडचण एकच होती. पालनकर्त्याला अज्ञानाची मिळकत विकता येत नाही. कचेरी शंभर प्रश्न विचारते. पण अज्ञान सज्ञान झाला आणि त्याने आपणहून हक्क सोडला, तर कुणालाच काही विचारता येत नाही. म्हणजे बेबीला सज्ञान करायला हवं होतं. फार नाही, एका सहीपुरतं.

"सही देईन," बेबी जेवताना म्हणाली. "माझं निम्मं माझ्या हातात द्या. मी कारखान्याच्या गावी जाते. तिथे मला काम देतायत."

"कारखान्यातला तो?" काकूंनी विचारलं.

"त्याचं लग्न होऊन गेलं, काकू. नुसतं काम."

"सगळं तुझ्या मनासारखं करू," काका म्हणाले. हक्कसोडपत्राचा मसुदा तेव्हा त्यांच्या खिशात होता. बेबीने आपला सगळा हिस्सा प्रेमापोटी काकांना दिल्याचं त्यात लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले. पालकत्वाची प्रकरणं बघणारा कारकून चष्मा कपाळावर ठेवून बसलेला असायचा. त्याने फाईल काढली, झटकली, शिंकला.

"मुलगी नऊ वर्षांची आहे," तो म्हणाला.

"तेव्हा नऊची होती. त्याला पंचवीस वर्षं झाली."

"तसं तुम्ही कळवलं नाहीत. गेल्या वर्षीच तुम्ही शपथेवर लिहून दिलंय, वय मागीलप्रमाणे. त्याच्या मागच्या वर्षीही मागीलप्रमाणे. मी मागे मागे जात राहिलो की थांबतो कुठे? नऊवर."

"अहो, ती लिहायची पद्धत असते."

"असते ना. पण तिच्या वतीने बोलायचा अधिकार एकट्या तुम्हाला, आणि तुम्ही बोलला आहात. आता मी कुणाचं खरं मानू? आजच्या तुमचं की पंचवीस वर्षांच्या तुमचं?"

"जन्माचा दाखला आहे."

"जन्म झाला एवढं त्याने कळतं. पुढे काय झालं ते त्यात नसतं." कारकुनाने चष्मा डोळ्यांवर घेतला, म्हणजे भेट संपली. "डॉक्टरांचा दाखला आणा. उंची, वजन, दात. आणि मुलीला हजर करा."

३

डॉक्टर प्रत्येक रकान्याचे वेगळे पैसे घेतो असं काकूंनी ऐकलं होतं. वजनासाठी दुसऱ्याला पैसे द्यायचे, हा काट्याच्या दुकानाचा अपमान होता. म्हणून दुपारी दुकान रिकामं असताना काकांनी बेबीला मोठ्या काट्यावर उभं केलं. पोती तोलायचा तो काटा. जमिनीलगत लोखंडी पाट आणि समोर गोल तबकडी. इतक्या वर्षांत तिला कधी काट्यावर उभं करायची वेळ आली नव्हती. तिच्या वजनाचं कुणी काही देणार नव्हतं.

सुई जराशी हलली आणि बावीसवर थांबली.

"नीट उभी राहा. भिंतीला टेकू नकोस."

"टेकले नाही."

नव्हतीच टेकली. पाटाच्या मधोमध दोन्ही पाय ठेवून उभी होती, चौतीस वर्षांची, खांद्यात रुंद, कानाशी केस पांढरे व्हायला लागलेली. बावीस किलो.

काकांनी तिला उतरवलं. सुई शून्यावर. वीस किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन ठेवलं, सुई विसावर. आणखी एक ठेवलं, चाळीस. स्वतः उभे राहिले, एकाहत्तर, नेहमीचेच. बेबीला पुन्हा चढवलं. बावीस.

काटा बिघडला म्हणावं, तर तो फक्त एकाच माणसापुरता बिघडत नाही. काकांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सुनावलं होतं : काट्यावर रुसू नका, काटा खोटं बोलत नाही, खोटं पारड्यात असतं. त्यांनी दुसरा काटा काढला, मग टांगायचा तिसरा. त्याच्या कड्याला बेबीने दोन्ही हातांनी लोंबकळायचं होतं. ती लोंबकळली. पाय सुटताच त्या कड्याने एरवी करकरायला हवं होतं. ते करकरलं नाही.

"किती भरलं?" काकू जिन्यावरून म्हणाल्या.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले. दुकानाच्या इतिहासात हे वाक्य तिथे पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

बेबी हाताला लागलेला गंज पुसत होती. "मग काय लिहिणार, काका?"

काकांनी रकाना कोरा ठेवला आणि डॉक्टरकडे गेलेच नाहीत. खर्च वाचवायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते त्यांना पटलंही, कारण खर्च वाचतच होता.

४

पुढे जे होत गेलं ते इतकं बारीक होतं की प्रत्येक गोष्टीला काकांकडे कारण असे.

जिना लाकडी होता. बेबी वर जायची तेव्हा पायऱ्या एकामागून एक वाजत. आता प्रत्येक पायरी दोनदा वाजू लागली. एक पाऊल, मग तिथेच दुसरं. मग पुढची पायरी. लहान मुलं चढतात तसं. गुडघे दुखत असतील, काका मनाशी म्हणाले. चौतिशीत दुखतात कुणाकुणाचे.

फळीवरचं पारडं काढायला ती नेहमी नुसता हात वर करायची. आता फळीसमोर उभी राहून म्हणाली, "काका, तेवढं काढून द्या ना. हात पुरत नाही." फळी तिच्या कपाळाच्या रेषेत होती. तिने हात वर केला तेव्हा बोटं पारड्याच्याही वर गेलेली काकांना स्पष्ट दिसली. बोटं मिटली, आणि त्यांत काहीच आलं नाही. दोघंही त्या हाताकडे बघत राहिली.

"सोंगं नकोत," काका म्हणाले आणि पारडं काढून दिलं.

मग तिला स्वतःच्या खोलीची वरची कडी लागेना. रात्री दार नुसतं लोटलेलं राहू लागलं. तिने दोनदा सांगितलं, खाली एक कडी बसवून द्या. लोहाराला काही आठवड्यांनी बोलावू, असं काका म्हणाले. किती आठवड्यांनी ते म्हणाले नाहीत.

औषधवाला सौद्याचं विचारायला आला. काका आतल्या बाजूला वजनं मांडत होते. पुढे बेबी होती. औषधवाला गेली वीस वर्षं तिच्याकडून सुट्टे पैसे घेत आलेला माणूस. तो ओट्यावर वाकला, आवाज मऊ केला आणि म्हणाला, "काय गं, घरात मोठं कुणी आहे का?"

काकांच्या हातातलं वजन खोक्यात पडलं. औषधवाल्याने खिशातून खोकल्याची गोळी काढली आणि बेबीच्या हातावर ठेवली. "एकदम चावायची नाही हं. चघळायची."

"पोरांशी बोलायची हौस दिसते तुम्हाला," काका बाहेर येत म्हणाले. थट्टा म्हणून म्हणाले. औषधवाला हसेल असं त्यांना वाटलं होतं.

"आमच्याकडे पोरं कुठायत, काका? हिच्याशीच दोन शब्द." आणि त्याने बेबीच्या गालाला चिमटा घेतला. काकांना दिसलं की त्याचा हात तिच्या गालापर्यंत आलाच नाही. तो तिच्या कमरेच्या उंचीवर, हवेत, कशाला तरी चिमटा घेत होता. बेबीचा गाल लाल झाला.

काकूंचं तर कधी सुरू झालं तेच कळलं नाही. आधी त्या बेबीला अर्धंच वाढू लागल्या. "एवढंसं पोरगं, खाणार किती?" काकांनी दचकून वर बघितलं, तर त्या वाटी पुसत होत्या, आपण काही वेगळं बोललो याची चेहऱ्यावर खूण नाही. मग एका दुपारी त्या जुन्या पडद्याचा झगा शिवत बसलेल्या दिसल्या. मधूनमधून तो बेबीच्या अंगाला लावून बघत होत्या. बेबी ताठ उभी होती. झगा तिच्या छातीपासून मांडीपर्यंतही पुरत नव्हता, आणि काकू तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणत होत्या, "जरा लांबच ठेवते. वाढत्या अंगाला होईल."

बेबी काकूंच्या डोक्यावरून काकांकडे बघत होती. "काका," ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला मी दिसते ना?"

काका खाली निघून गेले. दिसत होती. मोठी बेबी आता जगात फक्त त्यांना एकट्यांना दिसत होती, आणि ही जबाबदारी कुठल्या हुकमात लिहिलेली नव्हती.

५

काट्याने काटा काढावा म्हणतात. काकांनी ठरवलं, कचेरी गेली खड्ड्यात. आधी कागद करून घ्यायचा. एकदा औषधवाल्याचे पैसे हातात आले की बेबी नऊची असो की नव्वदची.

दुकान अर्धं लोटून त्यांनी तिला समोर बसवलं आणि हक्कसोडपत्र ओट्यावर ठेवलं. तिने ते वाचलं. वाचायला तिला वेळ लागला. एकेका अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होती. शेवटी म्हणाली, "यात मला काहीच नाही."

"आहे तर. प्रेमापोटी म्हटलंय ना?"

"माझं निम्मं, काका."

"इतकी वर्षं खाल्लंस, राहिलीस, त्याचं काय? कुणी सांभाळलं तुला? तुझ्या बापाने?"

"तुम्ही कचेरीत माझं नाव मोठं करून आणणार होतात. ते आधी आणा. मी जाते मग. निम्मंही नको, पाव द्या. नुसतं जाऊ द्या."

ती रडत नव्हती. हे काकांना फार लागलं. रडणाऱ्या माणसाला निदान गप्प बस म्हणता येतं. त्यांनी शाईची गादी ओढली. "सही नको, अंगठा दे."

"नाही."

"मोठ्यांचं ऐकायचं असतं," असं म्हणून त्यांनी तिचा हात धरला.

त्यांचे डोळे त्या हातावरच होते. बाईमाणसाचा हात, लांब बोटं, पितळ घासून काळी झालेली नखं. आणि त्यांच्या मुठीत जे होतं ते मऊ होतं, आखूड होतं, घामाने जरा ओलं होतं, आणि त्यांच्या मुठीत पुरतं मावून वर जागा उरत होती. भावाला पोचवून परत येताना गर्दीत हरवू नये म्हणून त्यांनी हाच हात धरला होता. तेव्हाही तो असाच ओला होता.

शहाण्या माणसाने तिथे सोडलं असतं. काका पुढे झुकले, अंगठा शाईवर दाबला, मग कागदावर. हिसडा नाही, विरोध नाही. सगळा दंड सुती कापडासारखा त्यांच्या हाताबरोबर आला.

कागदावर उमटलेला ठसा वाटाण्याएवढा होता.

त्यांनी हात सोडला. बेबीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक, हे त्यांनी बघितलं. आणि तरीही त्यांच्या डाव्या हाताची करंगळी कुणीतरी धरून ठेवली होती. घट्ट नाही. रस्ता ओलांडायच्या आधी धरतात तशी.

त्यांनी हात झटकला. पुन्हा झटकला.

"काय झालं, काका?" बेबीने विचारलं.

६

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन कचेरीत गेले. रस्त्यात ती त्यांच्या बाजूने चालत होती, त्यांच्याच उंचीची, आणि त्यांचा डावा खांदा सबंध वाट खाली ओढला जात होता. बसस्टॉपवरची एक बाई त्यांच्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "नात वाटतं?"

काकांच्या मनात एकच आशा होती. कारकून परका माणूस. त्याला बेबीबद्दल माया नाही, राग नाही, सवय नाही. तो बघेल आणि खरं ते सांगेल.

कारकुनाने चष्मा डोळ्यांवर घेतला. समोर बघितलं, मग टेबलावरून पुढे वाकून खाली बघितलं, बराच वेळ.

"हिला सज्ञान करायचंय तुम्हाला?"

"अहो, लाज कशी वाटत नाही? हिच्या अंगठ्याला शाई कसली?"

तेव्हा काकांचा बांध फुटला. तो अर्ज राहू द्या, ते म्हणाले. दुसरा घ्या. मला मोकळं करा. मुलींचं कुठलंही वसतिगृह चालेल, कुणीही नातेवाईक चालेल. इमारत तिची तिला मिळू दे. निम्मी नाही, सगळी. मी लिहून देतो, आत्ता लिहून देतो.

"तिला देऊन काय उपयोग?" कारकून म्हणाला. "ती अज्ञान आहे. तिच्या वतीने ताबा कोण घेणार? तुम्हीच." त्याने एक कोरा अर्ज पुढे केला. "पालनकर्ता बदलायचा तर मुलीची इच्छा विचारावी लागते. तुम्ही बाहेर बाकावर बसा. एकटीला विचारायचं असतं."

काका बाकावर बसले. अर्जात कारण लिहिलं, खोडलं. दार अर्धवट उघडं होतं. फटीतून टेबलाचा कोपरा दिसत होता, आणि पाहुण्यांच्या खुर्चीचा खालचा भाग. बाकी काही नाही.

खुर्चीखाली दोन पाय लोंबत होते. जमिनीला न पोचणारे, पुढेमागे हलणारे. एका पायातला मोजा घसरून घोट्याशी आला होता. बंदाच्या काळ्या बुटांची जोडी. काकांनी ती भावाच्या कपाटासकट भंगारवाल्याला विकली होती, भाऊ गेला त्याच वर्षी.

पहिल्यांदाच त्यांना ते दिसलं जे बाकी सगळ्यांना दिसत होतं. आणि त्यांना वाटलं, मग मोठी बेबी गेली कुठे? सकाळी घरातून निघालेली, पंचवीस वर्षं पारडी घासलेली, दारात उभी राहिलेली?

"बाळ, तुला कुणाजवळ राहायचंय?" आतून कारकुनाचा आवाज आला.

पाय हलायचे थांबले.

"काकांजवळ."

"ते ओरडतात का?"

"नाही."

"मारतात?"

"नाही. काल हात धरला होता."

"मग?"

"मग सोडला. पण मी नाही सोडला."

"तरी त्यांच्याचजवळ? दुसरीकडे मुली असतात, खेळायला मिळतं."

"त्यांच्याचजवळ."

"का गं?"

खुर्ची सरकली. पाय फटीतून दिसेनासे झाले. ती उठून कारकुनाच्या कानाशी गेली असावी, कारण नंतर जे आलं ते शब्द नव्हते, नुसता श्वासाचा आवाज होता. तो पुष्कळ वेळ चालला. नऊ वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं इतकं नसतं.

तो थांबला. कारकून दाराशी आला. त्याने फटीतून काकांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, त्यांच्या डाव्या हाताकडे. मग दार हळूच लावून घेतलं.

७

अज्ञानाचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं आहे. ते पालनकर्त्याला वाचायला मिळत नाही; अज्ञानाच्या हितासाठी तसा नियम आहे.

औषधवाल्याने पलीकडची इमारत घेतली. काकू बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी बेबीचे केस विंचरले, तिला दोन झगे शिवून ठेवले, आणि काकांना बजावलं की पोरीला एकटी टाकून कुठे जायचं नाही. काका जात नाहीत. दुकान उघडतात, फळीवरची पारडी काढून देतात, दुपारी वरच्या खोलीकडे जाणाऱ्या पायऱ्या दोनदा वाजल्या की जेवण घेऊन जातात. खोलीच्या दाराला खालची कडी त्यांनी स्वतः बसवली. ती आतून लागते.

आता त्यांनाही घरात कुणी मोठं दिसत नाही. वर ते मान खाली घालूनच जातात.

मध्यंतरी ते कचेरीत चौकशीला गेले होते. चष्मेवाल्या कारकुनाने बदली मागून घेतली होती. त्याच्या जागी नवा आला आहे. त्याने फाईल शोधून काढली आणि अर्ज विचाराधीन असल्याचं सांगितलं. निर्णय होईपर्यंत पालनकर्त्याची सर्व कर्तव्यं चालू राहतात, हेही सांगितलं.

"मुलगी मोठी कधी होईल?" काकांनी विचारलं.

"तसं तुम्ही कळवल्यावर."

"मी कळवलंय. सात वेळा."

"त्याला तिचं संमतीपत्र जोडावं लागतं. आणि अज्ञानाची संमती चालत नाही."

काकांचं वय आता पंच्याहत्तर आहे. "आणि मी मेलो तर?"

नव्या कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळलं. "पालनकर्ता मयत झाल्यास तसं ताबडतोब कचेरीला कळवावं लागतं."

"कुणी?"

"पालनकर्त्याने," तो वाचत म्हणाला. मग त्याने पान उलटून पुढे काही आहे का ते बघितलं. नव्हतं.

अर्ज प्रलंबित आहे.